सुनावणीत मतं मोजत नाहीत

पर्यावरणाच्या जनसुनावणीत हात वर करून मतं मोजत नाहीत. पाचशे जण विरोधात बोलले आणि पाच जण बाजूनं, तरी तेवढ्यावर प्रकल्प अडत नाही. मामांच्या गावात मात्र सगळ्यांची समजूत हीच होती, की सह्या जास्त झाल्या की कारखान्याची परवानगी गेली. सह्यांचे कागद घेऊन पोरं घरोघर फिरत होती, आणि ते टाइप करायला, झेरॉक्स मारायला सोलापुरात माझ्या दुकानी येत होती.

गोष्ट 2019 सालची. माझं दुकान टायपिंगचं. वारसनोंद, सातबारा दुरुस्ती, बांधाची भांडणं, रस्त्याच्या तक्रारी, जिल्ह्यातल्या माणसाला सरकारला जे काही सांगायचं असतं ते आमच्या की-बोर्डवरून जातं. मामांचं गाव सीना नदीकाठचं. तिथल्या साखर कारखान्याला गाळप वाढवायचं होतं आणि सोबत मळीपासून अल्कोहोल काढायची, रोजची 60 हजार लिटरची नवी डिस्टिलरी टाकायची होती. कारखान्याचं नाव लिहीत नाही. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आमच्याच जिल्ह्यात, त्यातला एक धरून चाला.

त्या वर्षीचा उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना तो वेगळा सांगायला नको. उजनी धरण उणे साठ्यात गेलं होतं, जिल्ह्यात चारा छावण्या पडल्या होत्या, सोलापूर शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येणार याचा हिशोब प्रत्येक घराच्या कॅलेंडरवर होता. अशात डिस्टिलरी येणार म्हटल्यावर गाव तापलं. त्यात ओढ्याकाठच्या विहिरींचं दुखणं जुनंच. कारखान्याच्या अंगानं येणारा ओढा सीनेला मिळतो, आणि उन्हाळा लागला की त्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी चहासारखं दिसायचं. मामा मोटार चालू करून वाफ्यात फेस दाखवायचे. जनावरं तोंड लावायची नाहीत.

पहिल्यांदा जे होतं तेच झालं. रास्ता रोको, मग सोलापुरात पूनम गेटला मोर्चा. ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांच्यासाठी: जिल्हा परिषदेसमोरची ही जागा म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या रागाचा पत्ता. अंगणवाडी सेविका, विडी कामगार, पाण्याचे हंडे घेऊन आलेल्या बायका, सगळे तिथंच येतात. घोषणा झाल्या, शिष्टमंडळ आत गेलं, निवेदन दिलं, पोच घेतली, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन कॉलमची बातमी. पोरं खूश. मी ते निवेदन टाइप केलं होतं, म्हणून मला त्यात काय होतं ते पाठ होतं: ‘सदर प्रकल्पास आमचा तीव्र विरोध असून तो तात्काळ रद्द करण्यात यावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’ एवढंच. कशाला विरोध, का विरोध, त्यात काही नव्हतं.

यात एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. मोर्चानं काही होत नाही असं म्हणणारे शहाणे लोक आमच्या दुकानात रोज येतात. त्यांचं म्हणणं मला पटत नाही. मोर्चा निघाला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, कारण तोवर प्रकल्पाचा अहवाल कुणाच्या नजरेलाही पडला नव्हता.

नियम असा आहे. 14 सप्टेंबर 2006 ची केंद्राची अधिसूचना आहे, पर्यावरण (संरक्षण) कायदा 1986 खाली काढलेली. तिच्या यादीतल्या प्रकल्पाला बांधकामाच्या आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. मोठे प्रकल्प दिल्लीला जातात, त्याखालचे राज्याच्या प्राधिकरणाकडं मुंबईला. ज्यांना सुनावणी लागू आहे, तिथं कंपनीनं आधी पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा मसुदा अहवाल करायचा. मग प्रदूषण नियंत्रण मंडळानं किमान 30 दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात सूचना देऊन, प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास सुनावणी लावायची. अध्यक्ष जिल्हाधिकारी, नाहीतर अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालचा नसलेला अधिकारी. सगळ्याचं चित्रीकरण करायचं. गणसंख्येची अट नाही, म्हणजे दहा माणसं आली तरी सुनावणी झाली.

आणि तो मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी लोकांना बघायला ठेवायचा. आमची सूचना पेपरात छापून आली होती, टेंडरच्या जाहिरातींच्या गर्दीत, डोळ्यांवर चष्मा चढवून शोधावी अशी. अहवाल बघायला आम्ही अशाच एका कार्यालयात गेलो, तर ज्यांच्या कपाटात तो होता ते रजेवर आणि किल्ली त्यांच्या खिशात. मोर्चाची बातमी आल्यावर मात्र त्याच कपाटाला दुसरी किल्ली सापडली. बसायला खुर्ची मिळाली, चहाही मिळाला. माझ्या हिशोबी पूनम गेटची कमाई ही.

अहवाल चारशेवर पानांचा, इंग्रजी. मराठीत फक्त सारांश, कारण तेवढा स्थानिक भाषेत द्यावाच लागतो. सारांश वाचून काही हाती लागत नाही; त्यात सगळं ‘नगण्य’ आणि ‘नियंत्रणात’ असतं. माल आत असतो, तक्त्यांत. माझी मामेबहीण केमिस्ट्री शिकत होती. तिनं भूजलाच्या नमुन्यांचा तक्ता काढला आणि प्रत्येक नमुन्यापुढं दिलेले अक्षांश-रेखांश मोबाइलच्या नकाशात टाकत गेली. दहा किलोमीटरच्या परिघातली आठ ठिकाणं होती. एक ठिकाण सीनेच्या पात्रात निघालं, ऐन मधोमध, जिथं विहीर असायचं कारण नाही. पाच ठिकाणं कारखान्याच्या वरच्या अंगाला. दोन शेजारच्या खोऱ्यात. ओढ्याच्या खालच्या अंगाला, जिथं आमच्या विहिरी आहेत, तिथं एकही नाही. नमुने घेतले होते हिवाळ्यात. एका हंगामाची, पावसाळा सोडून, आकडेवारी चालते, त्यामुळं यात नियमबाह्य काही नव्हतं. पण आमच्या विहिरी नासतात त्या उन्हाळ्यात.

ती मोबाइल मामांच्या पुढं धरून बोट दाखवत होती. मामा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “म्हंजी आपलं गाव ह्यांनी मोजलंच नाही की.” तिथून पुढं आमच्या सगळ्या कागदांचा सूर बदलला.

गावात एक तात्या आहेत, दुसऱ्या एका कारखान्यात बॉयलरवर काम करून निवृत्त झालेले. त्यांनी दुकानात बसून जे सांगितलं ते कुठल्याही सल्लागारानं सांगितलं नसतं. अहवालात सीनेवरच्या बंधाऱ्यातून पाणी उचलायचं लिहिलं होतं. तात्या म्हणाले, “उसातच सत्तर टक्के पाणी असतंय बाबा. रस आटवताना ते वाफ होऊन निघतंय. ती वाफ गार करून पाणी परत वापरलं तर गाळपाला नदीचं पाणी लागतंयच किती? हे न्हाई विचारलं तर काय विचारलं?” मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण 8 ते 12 लिटर स्पेंटवॉश निघतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं; नंतर अहवालात पडताळलं. 60 हजार लिटरचा गुणाकार करा. रोजचं पाच ते सात लाख लिटर काळं, आंबूस पाणी. ते आटवून बॉयलरमध्ये जाळणार, थेंबभर बाहेर सोडणार नाही, असं अहवालाचं म्हणणं. तात्यांचा प्रश्न: आटवायचं यंत्र बंद पडलं, वर पाऊस सुरू झाला, साठवणीचा लगून भरला, मग?

हरकती लिहायला बसलो तेव्हा खरी अडचण समोर आली. सही करायला माणसं मिळेनात. निवेदनावर अंगठे उठवणारे हरकतीच्या कागदावर नाव, गट नंबर, सही म्हटलं की मागं सरायचे. कारण उघड होतं. ज्याचा ऊस कारखान्याला जातो, त्याचा फड कधी तुटणार हे कारखान्याच्या हातात. कारखान्याच्या चिटबॉयनं, म्हणजे उसाची नोंद ठेवणाऱ्यानं, नोंद मागं सरकवली, तोडणीची टोळी दिली नाही, तर आडसाली ऊस अठरा महिने होऊनही रानात उभा राहतो आणि वजन घटतं. सोसायटीचं कर्ज त्याच उसावर. अशा माणसाला ‘निर्भयपणे मत मांडा’ म्हणणं सोपं, पण त्याच्या जागी मी असतो तर मीही दोनदा विचार केला असता.

तेव्हा पुढं आले ते ज्यांचा ऊसच नव्हता: भाजीपाला करणारे दोघं भाऊ, सीनेत जाळं टाकणारी भोयांची दोन-तीन घरं, मेंढरं चारणारे, आणि रोजानं खुरपायला जाणाऱ्या बायका. गावच्या राजकारणात ज्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं, त्यांच्या हरकती सगळ्यात नेमक्या निघाल्या. एका आक्कांनी लिहायला सांगितलं, की मळीचे टँकर शाळेवरून जातात, शाळा सुटायची आणि त्यांची वेळ एकच, रस्ता एवढा अरुंद की पोरांना गटारात उतरावं लागतं. मी तेवढंच लिहिलं. प्रत्येक हरकतीत एकच मुद्दा, अहवालाचं पान, आणि ‘आमचं मागणं असं’ म्हणून खाली एक ओळ.

सुनावणीच्या आदल्या रात्री मारुतीच्या पारावर बैठक बसली. पोरांचा बेत ठरलेला: मांडवात घुसायचं, खुर्च्या उलथायच्या, सुनावणी उधळून लावायची. सुनावणीच नाही झाली तर परवानगी कुठून, असा सरळ हिशोब. मी अधिसूचनेची झेरॉक्स घेऊन गेलो होतो. तिच्या सातव्या परिच्छेदात एक कलम आहे: स्थानिक परिस्थितीमुळं लोकांना मोकळेपणी मत मांडता येईल अशी सुनावणी घेणं शक्य नाही, असं कळवलं गेलं, तर मंजुरी देणारं प्राधिकरण सुनावणीशिवायच पुढं जायचं ठरवू शकतं. मी ते मराठीत करून दोनदा सांगितलं. पोरं गप्प. मग मामा म्हणाले, “म्हंजी आपणच दंगा करून त्यांचं काम सोपं करायचं का?” एक पोरगा तरीही म्हणालाच, “मग काय हात जोडून बसायचं व्हय?” त्याला आम्ही घोषणांचं खातं दिलं: मांडवाबाहेर, गेटवर, पाहिजे तेवढ्या. आत शांतता.

सकाळी कारखान्याच्या मैदानात मांडव. पुढच्या दहा-बारा रांगा आधीच भरलेल्या, कामगार आणि आजूबाजूच्या गावांतून टेम्पोनं आणलेले सभासद. मागं पोलीस. हजेरीच्या रजिस्टरवर सही करून आत जायचं. कोपऱ्यात पोहे-चहा. आमच्या बायका तो चहा घ्यायचा की नाही यावर कुजबुजत होत्या. शेवटी घेतला, ऊन होतं.

आधी सल्लागार कंपनीच्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवली. मग लोकांचं बोलणं. पहिले तासभर बाजूचेच. ते सगळे पढवून आणलेले होते असं मी म्हणणार नाही. एका म्हाताऱ्यानं माइक धरून सांगितलं, की मागल्या हंगामात त्याचा ऊस शेवटपर्यंत तुटला नाही, गाळप वाढलं तर आमच्यासारख्याचं भलं होईल. त्याचं खरंच होतं. पर्यावरणवाल्यांच्या भाषणात हा माणूस कधी येत नाही.

बाहेर घोषणा चालू होत्या. त्या आवाजाचा आत काय परिणाम झाला ते मी जवळून पाहिलं. आमच्या शेजारी बसलेला एक सभासद, ज्यानं आठवडाभर आधी सही करायला नकार दिला होता, तो उठला आणि राखेबद्दल बोलला. बॉयलरच्या चिमणीतून पडणारी राख, डाळिंबावर बसलेली, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली. पुढच्या रांगेतून कारखान्याच्या शेतकी खात्याचा माणूस मान वळवून बघत होता. पण मांडवात शे-दीडशे आमचे, बाहेर तेवढेच; त्यानं तरी कुणाकुणाचं नाव लक्षात ठेवायचं? तो एकटा असता तर उठला नसता.

तात्यांनी पाण्याचा प्रश्न विचारला तेव्हा सल्लागार आधी हसला, मग वही चाळायला लागला. मामेबहिणीनं नमुन्यांचा नकाशा छापून आणला होता, तो तिनं अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला आणि पात्रातल्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, “सर, इथली विहीर मला दाखवता का?” मांडवात हशा पिकला. अध्यक्षांनी कंपनीच्या माणसाकडं बघितलं. उत्तर आलं, टायपिंगची चूक असेल. माझ्या दुकानात रोज टायपिंगच्या चुका होतात. आठही ठिकाणं गावाला चुकवून जातील अशी चूक माझ्या हातून अजून व्हायची आहे.

सगळ्यात महत्त्वाचा भाग जेवणाच्या वेळेनंतरचा, आणि तेव्हा बहुतेक लोक निघून गेलेले असतात. सुनावणी संपताना झालेल्या बोलण्याचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो आणि लोकांचं समाधान झाल्यावर तो कागदावर पक्का होतो. आम्ही वीस-पंचवीस जण मुद्दाम थांबलो होतो. वाचून दाखवलेला पहिला मसुदा असा: ‘काही ग्रामस्थांनी पाणी व वायू प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली. प्रकल्प प्रवर्तकांनी योग्य ती दक्षता घेण्याचे आश्वासन दिले.’

दिवसभराचं सगळं या दोन ओळींत. मी हात वर केला आणि म्हणालो, साहेब, असं नाही झालं. एकेक मुद्दा नावासकट पाहिजे. टिपणं घेणारा कर्मचारी वैतागला, त्यालाही घरी जायचं होतं. अध्यक्ष मात्र शांतपणे म्हणाले, सांगा. मग तासभर बसून लिहून घेतलं गेलं: खालच्या अंगाच्या विहिरींचे नमुने नाहीत, त्यांचं उत्तर काय, लगून भरला तर काय, त्यांचं उत्तर काय, टँकरचा रस्ता बदलणार का, उसातल्या पाण्याचा फेरवापर किती. जिथं कंपनीनं ‘करू’ म्हटलं होतं तिथं ‘करू’ असंच लिहा, ‘विचार करू’ नको, यावर थोडी ओढाताण झाली. चित्रीकरण चालू होतं, त्यामुळं नाही म्हणता आलं नाही. लेखी हरकतींचा गठ्ठा सोबत जोडला, प्रत्येकीची पोच घेतली.

हे इतिवृत्त पुढं तज्ज्ञांच्या समितीपुढं जातं. कंपनीला सुनावणीतल्या प्रत्येक मुद्द्याचं उत्तर अंतिम अहवालात द्यावं लागतं. समितीतल्या माणसांनी आमचं गाव पाहिलेलं नसतं. त्यांच्यासाठी गाव म्हणजे ती पानं. ‘तीव्र विरोध’ या शब्दांवर समिती काही करू शकत नाही. पान अमुक, नमुना क्रमांक तमुक, तिथं विहीर नाही, यावर करू शकते, नव्हे करावंच लागतं.

मधेच कोविड आला, बैठका ऑनलाइन झाल्या, आणि आमचं प्रकरण परिवेश पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या संकेतस्थळावर, बघत राहणं एवढंच हाती उरलं. एका बैठकीच्या इतिवृत्तात दिसलं, की समितीनं प्रस्ताव मागं ठेवला: खालच्या अंगाच्या विहिरींचे नमुने घ्या, उन्हाळ्यातले घ्या, पाण्याचा ताळेबंद नव्यानं मांडा. मामेबहिणीनं त्याचा स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर टाकला तेव्हा लॉकडाऊनमध्येही कुणीतरी फटाके लावले.

मंजुरी शेवटी मिळालीच. त्याच ग्रुपवर मग ‘विकले गेले सगळे’ पासून ‘मोर्चे काढून काय उपयोग’ पर्यंत सगळं आलं. मंजुरीचं पत्र मात्र फार थोड्यांनी वाचलं. त्यात ठरावीक अटी होत्याच, जागेच्या 33 टक्क्यांवर झाडी वगैरे. पण काही अटी आमच्या मांडवातून गेलेल्या होत्या, ओळखू येत होत्या. ओढ्याच्या खालच्या अंगाला निरीक्षण विहिरी. उसातून निघणाऱ्या पाण्याचा फेरवापर आणि नदीतून उचलायच्या पाण्यावर मर्यादा. टँकर शाळेच्या रस्त्यानं न्यायचे नाहीत. ही अट वाचून दाखवली तेव्हा त्या आक्का म्हणाल्या, “माझंच बोलणं हाय की हे!”

नियमगिरीचं उदाहरण मला पोरं नेहमी देतात. ओडिशात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 12 ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि खाण थांबली. खरं आहे. पण तिथं वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेच्या म्हणण्याला वजन होतं. आमच्या काळ्या रानात तो कायदा कामाचा नाही. नाणारची रिफायनरी अडली ती कोकणातल्या लोकांनी राजकारण्यांची कोंडी केली म्हणून. 2019 च्या निवडणुकीच्या तोंडावर भूसंपादनाची अधिसूचनाच रद्द झाली. तो दरवाजा पर्यावरण मंजुरीचा नव्हेच. मोर्चा तोच, पण तो कुठल्या दारावर जाऊन थडकतो त्यावर फळ ठरतं.

आणि लोकांचा रेटा नेहमी पर्यावरणाच्याच बाजूनं असतो असंही नाही. हे सोलापूरकरांनी तरी विसरू नये. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं क्षेत्र मुळात सुमारे 8,500 चौरस किलोमीटर होतं. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर, बांधकामावर बंधनं आली म्हणून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं ओरड केली, आणि शेवटी ते सुमारे 1,200 वर आलं. तेव्हाही निवेदनं टाइप होत होतीच.

2020 च्या मार्चमध्ये केंद्रानं नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. सुनावणीच्या सूचनेची मुदत 30 दिवसांवरून 20 वर आणायचं त्यात होतं. मसुदा हिंदी-इंग्रजीत, बाकी भाषांत तो देण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला आणि हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढली. देशभरातून लाखो हरकती गेल्या. आमच्या दुकानाचं शटर अर्धं खाली असताना मीही गावाच्या वतीनं काही ईमेल पाठवले: तीस दिवस असूनही आम्हाला कपाटाची किल्ली मोर्चा काढल्यावरच मिळाली, वीसमध्ये काय मिळणार.

तो मसुदा तसाच पडून राहिला, पण वाट दुसरीकडून निघाली. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी म्हणून 2021 मध्ये, आधीच मंजुरी असलेल्या कारखान्यांच्या आणि डिस्टिलऱ्यांच्या विस्ताराला ‘बी-2’ वर्गात टाकलं गेलं. या वर्गाला जनसुनावणी नसते. आमच्या कारखान्याची पुढची क्षमतावाढ याच वाटेनं आली. मांडव नाही, पोहे नाहीत, इतिवृत्त नाही. पोरांनी परत पूनम गेट गाठलं. निवेदन दिलं, पोच मिळाली, फोटो आला. त्या फोटोच्या पुढं जायला या वेळी कुठला कागदच नव्हता. मला विचाराल तर गावाचं सगळ्यात मोठं नुकसान ते. डिस्टिलरीपेक्षाही मोठं, कारण डिस्टिलरीला निदान आमच्या अटी चिकटल्या होत्या.

नव्या मंजुरीविरुद्ध पुण्याला हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम विभागीय खंडपीठाकडं जावं असं काहींचं म्हणणं होतं. अपिलाची मुदत 30 दिवस, आणि सबळ कारण दिलं तर वरती आणखी 60. वर्गणी काढून बघितली, वकिलाच्या फीच्या निम्मीही जमली नाही. मग जुन्या मंजुरीच्या अटींकडं वळलो. कंपनीनं दर 1 जून आणि 1 डिसेंबरला अटी पाळल्याचा सहामाही अहवाल द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक कागद असतो. आम्ही तो मागवायला लागलो. पहिल्यात निरीक्षण विहिरींच्या रकान्यात ‘काम प्रगतिपथावर’ होतं. दुसऱ्यातही तेच, अक्षरन् अक्षर तेच. ते दोन्ही अहवाल जोडून, पहिल्या मंजुरीच्या अटीची झेरॉक्स वर लावून, आम्ही पत्र पाठवलं आणि त्याची प्रत पेपरवाल्यांना दिली. त्यानंतर विहिरी खोदल्या गेल्या, तीनपैकी दोन.

तिसरी कुठं आहे, ते विचारणारा अर्ज काल टाइप करून ठेवलाय. सही मामा करणार आहेत, आणि या खेपेला त्यांच्या शेजाऱ्यानंही करतो म्हणून सांगितलंय. त्याचा खोडवा अजून तुटायचा आहे, म्हणून त्याचं नाव मामांच्या नावाखाली, दुसऱ्या नंबरला घालायचं ठरलं आहे.